मापाड्याचा गुडघा

अन् मला मोजायला शिकवून राह्यली! मला! तुम्हाला सांगतो, परतूरच्या मोंढ्यात चाळीस वर्षं ज्वारी मोजलेला मापाडी मी, पुंजाराम, अन् ही दवाखान्यातली कसरतवाली शीतल, माझ्या नातीच्या वयाची, म्हणते, "बाबा, दहा मोजायला चुकलात!"... ओ तातेराव, हसू नका, तुम्ही खाटेवरून उठले की तुमचे गुडघे अर्ध्या गल्लीला ऐकू येतात!

झालं काय, गुडघ्यातली गादी झिजली. म्हणलं, झिजलेली वस्तू जपून वापरावी, म्हणून दोन महिने खाटेवरच! मंग पोरीकडं, वंदनाकडं, शहागडला निघालो, तर एसटीची पहिली पायरीच चढंना! कंडक्टर वरून वढतो, शेजारचा महेमूद खालून ढकलतो... पोतं हाय का मी? आलो घरी माघारी. पोरगी तिकडं वाट पाहून राह्यली अन् बाप पायरीला हरला! डोळ्यांत पाणी आलं हो... पण ते कोणाला सांगू नका.

मंग गाठला दवाखाना. शीतल म्हणे, "बाबा, पडून पडून पाय कमजोर झाले. मांडीत ताकद आली की गुडघ्याला आधार मिळतो. ही टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, दाबा, दहा मोजेपर्यंत धरा." धरलं. एकदोनतीनचार...दहा! खल्लास! तर म्हणते, "मोंढ्यात असंच मोजत होतात का?" झोंबलं ना! अहो, असं मोजलं असतं तर शेतकऱ्यानं पायली डोक्यात घातली असती! मंग काढला मोंढ्यातला सूर. तिथं एकाला एक न्हाई म्हणत, लाभ म्हणतात, अन् माप पोत्यात पडेपर्यंत तोच आकडा घोळवायचा, "लाऽभ हो लाभ, लाभ हो लाभ... दोऽन हो दोन..." दहापर्यंत मांडी लटलट! शीतल खुश, "आता बराबर!" बघा, मला मोजायला शिकवून राह्यली, अन् सूर माझाच!

रोज सकाळी अंगणात हेच. महेमूद भिंतीवरून डोकावला, "क्यों रे पुंजाराम, ज्वारी कुठं हाय?" म्हणलं, "खोलीत ढीग हाय, पोतं घेऊन ये जल्दी!" आला ना येडा पोतं घेऊन, खुरडत खुरडत! तेच पोतं गुंडाळून त्याच्या गुडघ्याखाली घातलं! आता दोघं मिळून मोजतो, अन् दवाखान्यात गेलो की ती शीतल दोघांनाबी मोजायला शिकवून राह्यली!

पहिला आठवडा दुखलं, शिव्या दिल्या. दुसऱ्या महिन्यात खुर्चीला हात न लावता उठलो! दुखणं बिलकुल गेलं असं न्हाई, पण आता ते माझ्या मागं चालतं, म्होरं न्हाई.

अन् परवा शहागडची एसटी लागली. तोच कंडक्टर, हात पुढं करून! म्हणलं, "सरक बाजूला!" दांडी धरली, चांगला पाय वर, मंग दुखरा... चढलो! एकटा! गाडी गच्च भरलेली, एक भला माणूस मला जागा द्यायला उठला, तर कंडक्टर काय म्हणावा? "बसा हो तुम्ही! बाबाला काय धाड भरली? टनाटन हायत!"

शहागड येईपर्यंत उभ्यानं गेलो, तुम्हाला सांगतो... अन् तक्रार तरी कोणत्या तोंडानं करू?