पाटीतला बर्फ

माझं नाव हिराबाय, पन ह्या नावानं हाक मारनारं आता कोनी ऱ्हायलं नाय, सगळी मला आक्काच बोलतात, तुमी पन आक्काच लिवा. मी तळवलीची, लग्न करून आले, पन माहेर काय लांब नाय, ह्याच खाडीच्या काठाला पुढं, म्हंजे खाडी सोडून मी कुठं ऱ्हायलीच नाय. माझा मालक होडी घेऊन जायचा आन आनलेला म्हावरा मी विकायची, बोईट, कोलंबी, निवट्या, चिंबोऱ्या, नशीब असलं तर एखादा जिताडा. मालक लवकर गेला. मग धाकटा दीर दोन घरांचा म्हावरा आनायला लागला. ह्या दिराची बायको यशोदा, माझी जाऊ. मला तिचंच सांगायचं हाय, पन आधी मंडळाचं सांगते, नायतर तुमाला काय कळनार नाय.

मंडळ म्हंजे कागदावर बिगदावर काय नव्हतं. माझ्या सासूनं गावातल्या म्हावरा विकनाऱ्या बाया एकत्र केल्या, एका रांगेत बसायचं, एक भाव बोलायचा, आन जिची पाटी आधी रिकामी झाली तिनं उरलेल्या बाईजवळ जाऊन बसायचं, तिचा माल खपवायचा, सगळ्या पाट्या रिकाम्या झाल्याशिवाय कोनी घरी जायचं नाय. बघा किती चांगलं. आन दुसरं, बर्फाला हात लावायचा नाय. बर्फातला म्हावरा म्हंजे शिळा, आपली इज्जत ताज्या म्हावऱ्यात हाय, असं सासू बोलायची, आन तिनं अंथरून धरलं तवा तिनं मला गावदेवीची शपथ घातली, मंडळ तू सांभाळ, बर्फ येऊ देऊ नको. तवापासनं रोज सकाळी ठाना-बेलापूर रोडच्या कडंला पिंपळाखाली सगळ्या पाट्या उतरायच्या, मी एकेका म्हावऱ्याचा कल्ला उघडून बघायची, लाल असला तर पाटी पुढं, फिका पडलेला असला तर पाटी घरी. काय सांगू तुमाला, काय रुबाब व्हता माझा. वाशीला नवीन बिल्डिंगींतल्या बाया बोलायच्या, आक्काच्या रांगेत डोळे मिटून घ्या.

मग खाडीचं पानी बिघडलं. एका दिवसात नाय बिघडलं, हळूहळू. कंपन्या आमच्या लहानपनापासनं व्हत्या, त्यांचं पानी खाडीला यायचंच, कुनाच्या कंपनीचं ते मला नाय माहीत, मी नाव कशी घेऊ. पन आधी कोलंबी कमी झाली, मग निवट्या दिसंना, आन जो बोईट मिळायचा त्याला घासलेटासारखा वास यायला लागला. आमची नेहमीची एक गिऱ्हाईक व्हती, कोकनातली, सेक्टरात चौथ्या माळ्यावर ऱ्हायची, ती एक दिवस शिजवलेलं कालवन डब्यातनं घेऊन आली, आक्का तुमीच हुंगा बोलली, माझा नवरा ताटावरनं उठला. मी हुंगलं. आन मी काय बोलावं, तर बाई, तुमच्या तेलाचा वास असंल. खोटं बोलले हो. मला वास आला व्हता. ती डब्याला झाकन लावून गेली, परत कधी आली नाय.

सगळ्यांनाच टेन्शन आलं व्हतं. गावातल्या जमिनी आधीच शहरासाठी गेल्या व्हत्या, पोरं कुठं कंपनीत, कुठं तळोज्याला कंत्राटावर लागत व्हती, आज काम हाय उद्या नाय. देवळासमोर बाया जमल्या, आक्का आता काय करायचं. मला ठाव नव्हतं. तेच बोलायला पायजे व्हतं मी, का बायांनो मला पन काय सुचत नाय, तुमच्या मनात काय हाय ते सांगा. पन ज्या बाईला सगळी आक्का बोलतात तिनं मला कळत नाय असं बोलायचं कसं? मी बोलले, खाडी आपली आई हाय, रागावली हाय, येईल जाग्यावर, दम धरा.

तवा यशोदा उठली. हळू बोलनारी बाय ती, माझ्यासमोर मान वर करून कधी बोलली नव्हती. बोलली, आक्का, भाऊच्या धक्क्यावर समुद्राचा माल येतो, आपन टेम्पो करू, पेट्यांत बर्फ घालून आनू, बिल्डिंगीतल्या बाया पापलेट मागतात, सुरमई मागतात, खाडी बरी होईपर्यंत तरी करू, बाकी नियम सगळे तसेच ठेवू, तुमीच बघा पाट्या, तुमीच ठरवा काय पुढं जायचं. बघा म्हंजे, तिनं माझी जागा सुदा सांभाळली व्हती. आन मी काय केलं, सगळ्यांसमोर बोलले, तू आलीस तवा तुला चिंबोरी बांधता येत नव्हती, मी शिकवली, आता तू मला धंदा शिकवनार? हसल्या काही बाया. ती खाली बसली.

पुढच्या महिन्यात पिंपळाखाली तिच्या पाटीत मला बर्फ सापडला. वर चार बोईट ठेवलेले, खाली ओलं गोनपाट, त्याच्या खाली बर्फ आन पापलेट, पांढरे, स्वच्छ, कल्ले लाल. लाल व्हते हो, मी बघितले. पन मी पाटी उचलून रस्त्यावर उपडी केली. येनाऱ्या-जानाऱ्या गाड्या बघत व्हत्या, बाया बघत व्हत्या, सासूची शपथ मोडलीस बोलले, मंडळातनं नाव काढलं तुझं. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एकेक पापलेट उचलून पदरानं पुसून पाटीत ठेवला आन बोलली, आक्का, खाडीत आता काय नाय, तुमाला पन माहीत हाय. एवढंच. दिरानं त्या दिवसापासनं माझ्याशी बोलनं टाकलं, एका अंगनात दोन चुली आधी पन व्हत्या, पन मधल्या दारानं जानं-येनं व्हतं, ते दार बंद झालं, आन मी दुसऱ्यांच्या होडीचा म्हावरा घ्यायला लागले.

तिच्या मागनं दोघी गेल्या, मग चौघी. मी बोलायची, जाऊ द्या, कचरा जातोय. माझ्याजवळ सात जनी ऱ्हायल्या. आन काय सांगू, तो सासूचा चांगला नियम, पाट्या रिकाम्या झाल्याशिवाय उठायचं नाय, तोच आमच्या गळ्यात पडला, कारन पाट्या रिकाम्या होईनातच. ऊन डोक्यावर यायचं, म्हावरा मऊ पडायचा, आन आमी आठ बाया एकमेकींजवळ बसून ऱ्हायचो, उठायची हिंमत कुनाला नाय. मी कल्ले रोज बघायची. बायांची तोंडं बघितली नाय मी कधी.

मग नव्या मार्केटातल्या ओट्यांचं आलं. ऑफिसातला एक साहेब आला, चांगला मानूस, बोलला, आक्का, तुमचं नाव ऐकलंय, ओटे आधी तुमच्या मंडळाला देतो, पन रोज माल पायजे, ओटा रिकामा ऱ्हायला तर काढून घ्यावा लागंल. मी बोलले, साहेब, खाडी देईल तेवढा म्हावरा, देईल त्या दिवशी, बर्फातला आमी विकत नाय. तो बोलला, आक्का, खाडीची गॅरंटी कोन देनार? आन गेला. तिथं पन मी हो बोलू शकले असते. माझ्या सात जनींतली चंगुना माझ्या शेजारीच बसली व्हती, तिनं माझा हात दाबला पन, मी सोडवून घेतला.

ओटे यशोदाच्या बायांना मिळाले. तिच्याकडं सगळे नियम सासूचेच हायत, एक भाव, एक रांग, उरलेलीला मदत, फक्त बर्फ हाय. माझ्या सात जनींतल्या कोन सुनेच्या हाताखाली बसल्या, कोन दुसऱ्याच्या घरी. चंगुनानं, जिनं आयुष्यभर जिताडा तोलला, तिनं सीवूड्सला बिल्डिंगीत भांडी धरली. तिच्या हाताच्या चिरा बघितल्या का मला जेवन जात नाय. माझ्या एका शब्दावर ऱ्हायल्या त्या, आन मी त्यांना काय दिलं?

ह्या होळीला चंगुना घरी आली, पुरनपोळी घेऊन. मी तिला बोलले, तू पन तवाच यशोदासंगं जायला पायजे व्हतं, माझं ऐकून तुझं वाटोळं झालं. ती पोळी मोडता मोडता बोलली, मी जानारच व्हते आक्का, पाटी घेऊन तिच्या दारात गेले व्हते. यशोदानंच पाठवली मला परत. बोलली, तू आक्काजवळ ऱ्हा, ती एकटी पडंल.

रस्त्यावर पाटी उपडी केली त्याच आठवड्यातलं हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार्केटात गेले. सगळं ठरवून गेले व्हते, काय बोलायचं, चंगुनाला ओट्यावर घे बोलायचं, माझं चुकलं बोलायचं, सगळ्यांसमोर बोलायचं, जसं सगळ्यांसमोर केलं तसं. यशोदानं मला लांबनं बघितलं, कोयता खाली ठेवला, हात धुतले, ओट्यावरनं उतरली, डोक्यावर पदर घेतला आन मी तोंड उघडायच्या आत माझ्या पायाला हात लावला. मोठी जाऊ मी. पाया पडनारीला आधी काय बोलतात, तुमीच सांगा. तिच्या डोक्यावर हात ठेवला आन बोलले, सुखी ऱ्हा बाय. मग तिनं विचारलं, चा घेनार का, आन मी बोलले, नको, सहजच आले व्हते.