दहा लाख एक

हॅलो?… धुळे ना? हो, नंदुरबारहून, कापसाच्या जिनातल्या फोनवरून… परीक्षक हिंमतराव? तुम्हीच? बरं सापडलात! मी धनुबाई, मुलींच्या शाळेची…

नमस्कार राहू द्या. सातवीच्या फायनलची यादी आज वर जाणार ना? मग जाहेदा बागवान नापास कशी?… दोन गुणांनी, ठाऊक आहे मला! गणिताचा सातवा प्रश्न…

दोधूभाऊ, दार लाव ना जरा! काहीच ऐकू ई नही ऱ्हायनं!

हं, बोला… 'दहा लाख एक ही मूळ संख्या आहे, कशानेही भाग जात नाही.' हे तुमचं उत्तर. पोरीनं लिहिलं, एकशेएकनं जातो. तुम्ही दिलं शून्य!… काय? तुम्ही स्वतः तपासलंत? कुठवर?… सत्त्याण्णव? आणि मग थांबलात? का, शंभराच्या पुढे आकडे संपतात?

अहो, ऐका ना! तिचा बाप कय्युम तळोद्याच्या बाजारातून आंबे आणतो. शेकडा म्हणजे एकशेएक, एखादा सडका निघाला तर म्हणून वरचा एक. पोर लहानपणापासून तसेच ढीग लावते…

हसू नका! कागद घ्या… घेतलात? नऊ हजार नऊशे ढीग. किती आंबे?… करा की, मी थांबते… हो, नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे. आता अजून एक ढीग टाका…

बोला ना… किती झाले?

मोठ्यानं म्हणा!… हां. दहा लाख एक.

काय म्हणता?… छापील उत्तर? चुलीत घाला ते छापील उत्तर! कय्युमनं बजावलंय, पास झाली तर मास्तरीण होऊ दे, नाही तर शाळा बंद. तुमच्या सत्त्याण्णवापायी पोर घरी बसवू मी?

… नाही. मी नाही शिकवलं.

… खरं सांगू? पेपर झाल्यावर मीच तिला म्हटलं, मूर्खे, मूळ संख्या आहे ती! चार मुलींसमोर. ती एवढंच बोलली, "बाई, ढीग लावी देखा ना." मी नाही लावले… काल लावले. रात्रभर डोळा लागला नाही, हिंमतराव.

… तीन मिनिटं झाली? ओ एक्स्चेंजच्या बाई, कापू नका, एकच मिनिट!

लिहिताय?… वाचा… जाहेदा कय्युम बागवान. पुढे?… उत्तीर्ण. परत एकदा… हं.

अर्ज? देते लिहून. तुमची चूक वर, माझी खाली…

नाही, नाही, तिच्या घरी पत्र नका टाकू. मी जाते. त्या चौघींनाही घेऊन जाते. त्यांच्यासमोरच बोलले होते ना… आता त्यांच्यासमोरच…

हॅलो?… हॅलो?

दोधूभाऊ, ठी दे तो फोन. मन्ही छत्री कोठे शे?