लेकीच्या नावाने घातलेलं गाऱ्हाणं

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष माननीय बाळा परब साहेब, मुख्याध्यापक सुशांत राणे सर, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी शिक्षक, पालक, ग्रामस्थ, पुण्याहून मला न्यायला आलेले माझे यजमान आणि सासरची मंडळी, आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं की एकदा वळून बघावंसं वाटलं, मागे दुसरी कोणी प्राजक्ता शितोळे बसली आहे की काय. परब साहेब म्हणाले, "बाईंनी या गावाला आपलं मानलं." साहेब, आपल्या शब्दाचा मान राखून सांगते, ते खरं नाही. मला आज थोडं खरं बोलायचं आहे. राणे सर, वेळ झाली की चिठ्ठी पाठवू नका, मी वाचणार नाही.

सतरा वर्षांपूर्वी हडपसरहून मी इथे रुजू झाले. कट्टा गावच्या स्टॅंडवर उतरले, समोर चार दुकानं, एक भजीची गाडी. मी कंडक्टरला विचारलं, "गाव कुठे आहे?" तो म्हणाला, "बाई, ह्योच गाव." त्या दिवशी मी यजमानांना फोनवर एक वाक्य बोलले, "अहो, इथे करायला काहीच नाही." ते वाक्य मी सतरा वर्षं बोलत राहिले. इतकं की ते मला खरं वाटू लागलं.

आणि ते अगदीच खोटं होतं असंही मी म्हणणार नाही. निरोपाच्या दिवशी गावाचे गोडवे गायची पद्धत आहे, म्हणून सगळंच गोड कसं म्हणू? लेकीचा हात मोडला तेव्हा तिला गोव्याला न्यावं लागलं. चांगलं नाटक बघायचं तर चार तास प्रवास. वर्गात हुशार मूल निघालं की त्याला पुढे काय सांगायचं, हे मला कधी कळलं नाही. गाव म्हणजे स्वर्ग, असं म्हणणारे लोक बहुधा शहरात राहतात. परब साहेब, रागावू नका, आपलेही दोन्ही चिरंजीव ठाण्यालाच आहेत ना? हसा, हसा. मीही त्यांच्याच वाटेने निघाले आहे.

आंतरजिल्हा बदलीचा अर्ज मी किती वेळा भरला, ते शिक्षक मंडळींना ठाऊक आहे. पती-पत्नी एकत्रीकरण, माझी बाजू न्याय्य होती. यजमान तिकडे एकटे, महिन्यातून एकदा बसने यायचे आणि यायचे त्याच दिवशी परतीचं तिकीट काढायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण लोकांनी विचारलं की मी हे कारण सांगत नसे. मी सांगायची, "मुलीसाठी. अनुजाला इथे काय आहे?"

अनुजा तिसऱ्या रांगेत बसली आहे. खिडकीपाशी. यंदा दहावीला जाईल. अकरा दिवस ती माझ्याशी बोललेली नाही.

आता हे इथे सांगायचं कारण? कारण ज्या दोन माणसांची मला माफी मागायची आहे, ती दोघंही याच सभागृहात आहेत.

पहिले गंगाराम काका. पुण्याच्या मंडळींसाठी सांगते, काका देवळात गाऱ्हाणं घालतात. एखाद्याचं मागणं सगळ्यांच्या वतीने देवापुढे मांडायचं, आणि एकेका वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ज्याच्या नावाने गाऱ्हाणं, त्याने हात जोडून पुढे उभं राहायचं. इथे परीक्षा असो, लग्न असो, मुंबईची नोकरी असो, गाऱ्हाण्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. मी शिकलेली बाई, सोळा वर्षं बाजूला उभी राहून हसले. आणि यंदा फेब्रुवारीत स्वतःच काकांच्या दारात गेले. म्हटलं, बदलीसाठी गाऱ्हाणं घाला, पण माझ्या नावाने नको, लेकीच्या नावाने घाला. देव लेकरांचं लवकर ऐकतो, असं माझ्या मनात.

काकांनी सुपारी हातात धरूनच विचारलं, "बाई, चेडवाक इचारलंस मां?"

चेडवाक, म्हणजे लेकीला. मी म्हटलं, "हो, विचारलं."

विचारलं नव्हतं, काका.

दुसऱ्या दिवशी तिला देवळात पुढे उभं केलं. काका खड्या आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या मनात जा काय आसा, ता पुरा कर रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मी तर सगळ्यांत मोठ्याने. आणि मी शेजारी बघितलं. अनुजाचे हात जोडलेले होते, ओठ मिटलेले होते. तिच्या मनात काय होतं, ते मला त्या क्षणी समजलं. समजलं आणि मी पुढच्या वाक्याला आणखी मोठ्याने ओरडले.

मे महिन्यात बदलीचा आदेश आला. काका पेढे घेऊन आले, म्हणाले, "देवान आयकलान!" मी पेढा खाल्ला.

दुसरी माफी इनासियाबाईंची. त्या माझ्या घरमालकीण, निवृत्त शिक्षिका. माझी अनुजा त्यांच्या ओटीवर रांगली. आदेश आल्यावर मी त्यांच्या अंगणात सामान बांधत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाय, दहावी होईसर चेडवाक माझ्याकडे ठेव. माका कायच जड नाय." मी काय उत्तर द्यावं? धन्यवाद म्हणायचं, नको म्हणायचं, काहीही चाललं असतं. मी म्हटलं, "बाई, इथे राहून ती करेल काय? तुमच्यासारखी अंगण झाडत बसेल?"

ज्या बाईने तीन पिढ्यांना अक्षर गिरवायला शिकवलं, तिला मी हे बोलले. त्या हातातला झाडू भिंतीला टेकवून आत गेल्या. अनुजा विहिरीपाशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आई, माका खंय जावचा नाय." तिचं माझ्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता. वहीचं पान, पट्टीने आखलेलं. वर लिहिलं होतं, "इथे करायला काय आहे." दोन रकाने. एकावर अनुजा, दुसऱ्यावर आई.

अनुजाचा रकाना मी तुम्हाला वाचून दाखवते, तो माझ्या पर्समध्ये आहे. सोमवार, गंगाराम काकांकडे पखवाज. मंगळवार, वर्गातल्या दीपिकाबरोबर कबड्डी. बुधवार, इनासियाबाईंकडे इंग्रजी आणि मागच्या परसातली रोपं. गुरुवार, पुन्हा पखवाज. शुक्रवार, वाडीतल्या लहान मुलांचे पाढे. शनिवार, आठवड्याचं वाचन, पेळेवर, म्हणजे ओटीच्या कठड्यावर बसून. रविवार, भजन मंडळ, आणि कंसात, "डबलबारीला मला बसवणार आहेत." म्हणजे भजनाच्या सामन्यात पखवाजाला माझी मुलगी. हे मला त्या कागदावरून कळलं.

आणि आईचा रकाना? सोमवार, बदलीचं पोर्टल. मंगळवार, बदलीचं पोर्टल. बुधवार, नेट नाही. गुरुवार, बदलीचं पोर्टल. पुढचं वाचत नाही.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? कागद फाडायला हात वर गेला होता. मग उभ्या उभ्या आठवायला लागले, की सतरा वर्षांत मी इथे शाळेबाहेर काय केलं? दशावतार एकदा बघितला, तोही अर्धा. समुद्रावर गेले ते पाहुणे आले म्हणून. गावात करण्यासारखं नव्हतं की मी करायला बसलेच नाही? पाटावर बसायचंच नाही आणि जेवण अळणी म्हणायचं, तशातली गत. उद्या पुण्यात गेल्यावर तरी मी काय करणार आहे, याचंही उत्तर माझ्याकडे नाही. तिच्याकडे मात्र सात दिवसांचं आहे.

उद्या सकाळी मी कार्यमुक्त होते. मी जाणार आहे. यजमानांनी फार वाट पाहिली, आणि मलाही आता त्यांच्याबरोबर राहायचं आहे. हे माझं मागणं आहे, माझ्या नावाने. ते तिच्या नावावर घालायचा मला अधिकार नव्हता.

अहो, पुढचं मी तुमच्याशी घरी बोलायला हवं होतं. धीर झाला नाही. तुम्ही तिच्यासाठी खोली रंगवून घेतली आहे, मला माहीत आहे. माझ्यावर रागवा, पण आत्ता उठू नका.

गंगाराम काका, सुपारी नाही, तुमची परवानगी असावी. माझं मालवणी मोडकं आहे, देव सांभाळून घेईल; पुण्याच्या मंडळींनी एवढंच ध्यानात ठेवावं, आवस म्हणजे आई आणि हयसर रवाचा म्हणजे इथे राहायचं. अनुजा, उभी राहा. उभी राहा, बाळा.

बा देवा म्हाराजा! ह्या आवशीन आपल्या चेडवाच्या नावान खोटा गाऱ्हाणा घातलान. आज ता ती मागे घेता रे म्हाराजा! चेडवाक हयसर रवाचा आसा. इनासियाबायच्या घरात तिका सुखान ठेव, दहावी पार पाड, आणि तिची आवस बोललेला त्या माऊलीक विसरूक लाव रे म्हाराजा!

थांबा. कोणीही म्हणू नका. परब साहेब, आपणसुद्धा नको. या गाऱ्हाण्याला फक्त एकटीने उत्तर द्यायचं आहे. दिलं नाही तर तेही मी ऐकेन. मी थांबते.

ऐकलं, अनुजा. अकरा दिवसांनी ऐकलं.

आपण सर्वांनी दिलेल्या मानाबद्दल आणि इतका वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल मी ऋणी आहे. सतरा वर्षांत माझं काय चुकलं-माकलं असेल ते गाऱ्हाण्याच्या शेवटी म्हणतात तसं पदरात घ्या. इनासियाबाई, मी समोर येतेच आहे, पाया पडू द्या.

आणि अहो, टेम्पोत चढवलेली तिची निळी सायकल तेवढी उतरवून घ्या.