खालच्या खोलीतला वर्ग

—नाही मॅडम, खिडकीशी नको, तिथे खालचा आवाज फार येतो. इकडे पंख्याखाली बसा. फिरत नाही तो, पण जागा चांगली आहे. विद्यापीठातून एवढ्या लांब कांजूरला आलात, तेही माझा एक पाठ बघायला— वर्षभर दर शनिवारी तुम्ही आम्हा म्युन्सिपाल्टीच्या मास्तरणींना शिकवलंत, ते चौथीच्या वर्गात उतरलंय की नाही ते बघायचं, बरोबर ना? उतरलंय. प्रश्न विचारला की सगळे हात वर, बघालच. पट? पट मोठा आहे— बाकीची मुलं खाली आहेत. गैरहजर नाहीत हां, हजेरी लागलीय त्यांची. आमच्याकडे पद्धतच आहे, पाहुणे येणार असले की कच्ची मुलं तळमजल्यावर, सामानाच्या खोलीत. सांगावंही लागत नाही. फळ्यावर तारीख रंगीत खडूने लिहिली की आपापली दप्तरं उचलतात. शहाणी आहेत तशी. आणि या पुढच्या बाकावरच्या दोघी? त्या ‘ब’ तुकडीच्या. उसन्या. बोलून गेले बघा.

तो आवाज? काही नाही हो. तुमचीच विद्यार्थिनी, ती प्रेमा, सरावाला आलेली. मीच तिला खाली पाठवलं, म्हटलं नुसती गप्प ठेव त्यांना, तेवढं केलंस तरी पुष्कळ. तर ती भंगारवाली झालीय म्हणे— खरंच, डोक्याला टॉवेल गुंडाळून. बाटल्या, डबे, रद्दी, आणि त्यातच वजाबाकी. इथल्या निम्म्या घरांत भंगाराचाच धंदा, पोरांना भाव तोंडपाठ. हसतायत बघा कशी. वर्गात हसायचं असतं का? असतं, तुम्हीच सांगितलंत, मुलांना हसू द्या म्हणून. मी लिहून घेतलंय ते. लाल शाईने.

बसा ना, उठलात कशाला— माझी मुलगीपण आहे तिथे. शेवंती. हो, खालीच. संपात मिस्टरांची गिरणी बंद पडली, परळ सोडून आम्ही इथे आलो, तेव्हा एका चांगल्या खासगी शाळेत नेलं होतं तिला. मुलाखतीत तोंडच उघडलं नाही. म्हटलं माझ्या वर्गात तरी उघडेल— तर माझ्याही नाही. घरी बोलते? आजीशी बोलते, हळू. मग कच्च्यांतच घालायला हवी ना? स्वतःची म्हणून वर ठेवायची, शोभतं का ते? आज सकाळी मी रंगीत खडू हातात घेतला न घेतला, तीच पहिली उठली. काय म्हणणार, पद्धत माझीच—

थांबा. ऐकलंत? ‘तीन रुपये, कमी नाही होणार’— भांडतंय कुणीतरी प्रेमाशी. पुन्हा. ‘पितळ आहे ते, नीट बघा’—

तिचा आहे. मॅडम, शेवंतीचा आवाज आहे तो. एवढा मोठा आहे होय.

नाही, पाठ राहू दे माझा. तुम्ही जा खाली, जिना डावीकडे. मी नाही येत. मला बघितलं की गप्प होते ती.