बाईच्या विहिरीवरची चिंच

माहा जन्म उमरेडचा, घर कोष्ट्याचं, अन् घरात माणसांपेक्षा मागच मोठा, म्हणजे माग मांडून उरलेल्या जागेत आम्ही राहत होतो असं समजा. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत, समोर हा लांब ताणा, शेकडो धागे एका सरळीत ओढलेले, अन् त्याचा ताण बरोबर आहे का नाही हे पाहाची आमच्या घरची एकच रीत, वाकाचं, तोंड जवळ न्याचं अन् तळहात अलगद धाग्यांवर ठेवाचा. तळहाताले समजते. माह्या तळहाताले काही समजत नव्हतं. मी हात ठेवला का बाबा म्हणत, उचल वसंता, म्हशीच्या पाठीवर ठेवल्यासारखा काय ठेवून राहिला, अन् मग माह्या मोठ्या बहिणीले हाक मारत, सुशीला, ये वं, तू सांग. मोठ्या बहिणीले आम्ही बाईच म्हणतो. बाई नुसती बोटं टेकवे अन् सांगे, डाव्या अंगाले ढिला आहे बाबा. अन् तो डाव्या अंगाले ढिला असेच. मले लय राग ये. पण काय करता, देवानं हात वाटले तेव्हा मी मांगं उभा असन.

मग मागच बंद पडले. बाई नरखेड तालुक्यात दिली, संत्र्याच्या बगिच्यात, अन् मी नागपूरले येऊन आरागिरणीत लागलो, लाकूड चढवा अन् लाकूड उतरवा. तिथं रहमतचाचा म्हणून म्हातारे मिस्त्री होते. ते पट्ट्यावर ओंडका घ्याच्या आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारत, बाकीचे हसत, मीही हसत होतो. एक दिवस मले म्हणे, देख बेटा, लकडी मरी नहीं है, रुकी हुई है. मले वाटलं म्हातारा झाला माणूस, काहीतरी बोलते.

त्याच्यानंतर काही वर्षांनी मी चेनसॉ घेतला, पेट्रोलची आरी, अन् स्वतःले फार मोठा समजू लागलो. झाडं पाडाचं, छाटाचं, वादळात पडलेली उचलाचं काम. पायात चप्पल, अंगात बनियन, अन् पहिल्याच मोठ्या कामात एका कॉलनीत गुलमोहर पडला होता, त्याच्याखाली एक फांदी दबून वाकलेली, धनुष्यासारखी. आता दुसरा कोणी असता तर दुरून पाहता. मी कोष्ट्याचा पोरगा. मी वाकलो, तोंड जवळ नेलं अन् तळहात ठेवला त्या फांदीवर, ताण पाहाले. अन् तिकडून माह्यासोबतच्या माणसानं वरचं लाकूड कापलं. मले इतकंच आठवते का मी उभा होतो अन् मग मी बसलेला होतो, अन् तोंडात काहीतरी खडखड वाजून राहिलं होतं, ते माहेच दोन दात होते. माही बायको मंदा दवाखान्यात आली, पाहिलं, अन् म्हणे, अवो, बाकीचे लोक झाडाले दोर लावतात, तुम्ही गाल काहून लावता?

रहमतचाचा घरी आले पाहाले. म्हणे, तेरे बाप का धागा टूटता था तो क्या होता था? मी म्हटलं, बाबा गाठ मारत. म्हणे, और ये टूटेगा तो गाँठ कौन मारेगा? मग खाटेवर बसून, हवेत बोटानं काढून काढून त्यायनं मले सांगितलं का वाकलेल्या लाकडाच्या बाहेरच्या अंगाले कधी उभं राहाचं नाही, कारण ते तिकडंच उसळते, अन् आतल्या अंगानं, जिथं ते दबलेलं आहे तिथून, थोडं थोडं तासत जाचं, चोरासारखं, म्हणजे त्याचा जोर हळूहळू निघते. अन् हात, म्हणे, हात अपनी जेब में.

तिथून मी सुधरलो. निदान मंदा तरी असं म्हणते. आता डोक्यावर जाळीचं टोपरं, कानाले झाकणं, पायात पोलादी टोकाचे बूट, अन् एक जाड पँट, तिच्यात आत असे धागे भरलेले राहतात का साखळी लागली तर तेच गुंतून तिले थांबवतात. नागपूरच्या उन्हाळ्यात ती पँट घालून पाहा तुम्ही. गल्लीतले म्हणतात, आला विकेटकीपर. येऊ द्या म्हणतो. साखळी फिरते त्या पट्टीचं टोक लाकडाले शिवू द्याचं नाही, शिवलं का मशीन उलटी उसळून तोंडावर येते. खांद्याच्या वर मशीन न्याची नाही, शिडीवर चढून कापाचं नाही, अन् एकट्यानं तर कधीच नाही. झाड पाडाचं तर ज्या अंगाले पाडाचं त्या अंगाले आधी खाच घ्याची, मग मांगून कापत याचं, अन् मधात पट्टीभर लाकूड तसंच ठेवाचं, तो कब्जा, दाराले राहते तसा. त्याच्यावर झाड वळते अन् सांगितल्या जागी बसते. तो कब्जाच कापून टाकला का झाड मग कोणाचंच आयकत नाही. अन् पळाची वाट आधीच साफ, मांगं, तिरपी. झाड हाललं का मशीन बंद करून त्या वाटेनं निघाचं, पाहात उभं राहाचं नाही. मी लांब जाऊन पाहातो. इतकी झाडं पाडली, पण ते वळते ना पहिल्यांदा, वर शेंडा हालते अन् खाली अजून काहीच नाही, तेव्हा माहा श्वास आजही थांबते. आपण हातभर मशीन घेऊन कोणासमोर उभे होतो हे तेव्हा समजते.

माह्यासोबत शेषराव राहते, मौद्याचा, माह्याच वयाचा, बोलते कमी. मशीन चालू असली का मले काही आयकू येत नाही, म्हणून तो मांगं बांबू घेऊन उभा राहते. बांबू खांद्याले टेकला का मी मशीन थांबवतो, काहून म्हणून विचारत नाही. आधी बंद, मग विचारपूस.

तर ती चिंच. दोन वर्षांआधी चैतात अवकाळी वारा आला अन् दुसऱ्या दिवशी बाईचा फोन. भाऊजी वारल्यापासून बगिचा तीच पाहते. म्हणे, वसंता, विहिरीवरची चिंच फाटली गा, अर्धी विहिरीवर आडवी पडली, मोटरीजवळ जाता येत नाही. आंब्या बहाराची संत्री बोराएवढी झाली, पाणी नाही मिळालं तर आठ दिवसांत सगळी खाली. बाई कधी ये म्हणत नाही, त्या दिवशी म्हणे, आजच ये.

आम्ही टेम्पोत मशीन, दोर, साखळीची पुली घालून निघालो. वावरात पाय टाकला अन् मी टोपरं काढून हातात घेतलं, आपोआपच. काय सांगू तुम्हाले, तिघांच्या कवेत न येणारं खोड, अन् मधून असं उभं फाटलेलं का आतलं लाकूड ओलं, जांभळट, उघडं. एक अर्धी उभी, दुसरी अर्धी विहिरीच्या तोंडावर आडवी, शेंडा पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. अन् पडताना तिनं उभ्या अर्धीची एक फांदी खाली दाबून धरलेली, मांडीएवढी जाड, धनुष्यासारखी वाकलेली. वारा नव्हता, पण ती फांदी अगदी बारीक थरथरत होती. दुसऱ्या दिवशीही. रातभर, दिवसभर, तेवढा जोर धरून.

मी डीपीवरचे फ्यूज काढाले लावले अन् मग बांधावर बसलो. दोन तास. माही रीतच आहे ती, पहिले दोन तास मशीनले हात नाही लावत, कुठं काय दबलं, कुठं काय ताणलं, काय सुटलं तर कुठं जाईन हे पाहातो. बाई दोनदा चहा देऊन गेली. तिसऱ्यांदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणे, काहून गा, झाड कापाले आला का पोरगी पाहाले? तिकडं माही फळं गळून राहिली. शेषराव म्हणे, पसंत पडली का सांगतीन ते. बाई काही हसली नाही. मलेही आतून घाई सुटली होती, खोटं काहून बोलू. एक सरळ कापा मारला असता तर घडीभरात मोकळं होतं. पण मग अख्खी अर्धी विहिरीत, मोटर-पाइप घेऊन. बगिचाच गेला असता.

म्हणून आधी पडलेल्या अर्धीले दोर बांधून गावातून बोलावलेल्या ट्रॅक्टरले ताणून धरलं, पुली लावली, पलीकडच्या बारक्या फांद्या उतरवल्या, वजन कमी केलं. मग राहिली ती वाकलेली फांदी. ती सोडल्याशिवाय पुढं काही हात घालता येत नव्हता. मी आतल्या अंगाले, उजव्या बाजूले पाय रोवून उभा राहिलो अन् तासाले सुरुवात केली, एक बोट, थांबा, पाहा, मग अजून एक बोट.

खांद्याले बांबू टेकला.

मी मशीनची दांडी पुढं ढकलली, साखळी थांबली, मशीन बंद केली. मान वर केली तर फांदीच्या बाहेरच्या अंगाले, अगदी जिथं ती उसळणार तिथं, माही बाई वाकून उभी. एका हातात पाण्याचा लोटा. तोंड फांदीजवळ. अन् दुसऱ्या हाताचा तळवा फांदीवर टेकवलेला, डोळे मिटून. मशीन जरा थांबली असन तेव्हा तिले वाटलं का झालं काम, पाणी नेऊन द्यावं, अन् समोर ताणलेलं काही दिसलं तर उमरेडची पोरगी दुसरं काय करन.

ओरडता येत नव्हतं. धावून जाता येत नव्हतं. मी जेवढा हळू बोलू शकत होतो तेवढ्या हळू म्हटलं, बाई, हात उचल, जशी आली तशीच मांगं जा. आता बाई माह्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, तिनं जन्मात माहं आयकलं नाही. ती म्हणे, थांब. अन् तशीच राहिली. मी पाहून राहिलो तिच्या कपाळाकडं, ते फांदीपासून वीतभर होतं. मग म्हणे, वसंता, हे आतून वाजून राहिलं गा. अन् तुह्या अंगाले जास्त आहे. तुह्या अंगाले पीळ आहे त्याले.

मग हात उचलला अन् मांगं मांगं गेली, लोट्यातलं पाणी न सांडता. शेषरावनं तिले धुऱ्यापलीकडं नेऊन उभं केलं.

मी खाली बसून फांदी पुन्हा पाहिली. उजव्या अंगाले, सालीखाली, केसाएवढी भेग गेली होती, पीळ घालत. दोन तास पाहूनही माह्या डोळ्याले ती दिसली नव्हती, का तासताना पडली, ते देव जाणे. फांदी सरळ नसती उसळली, वळून आली असती, मी जिथं पाय रोवले होते तिथं. मी डावीकडं गेलो, जागा साफ केली, अन् तिकून तासलं. तिसऱ्या बोटाले कर्र झालं. मी दांडी ढकलून मांगं सरकलो, अन् फांदी सुटली. उजवीकडून, वळून, हवा कापत. बाईले नेताना शेषरावनं त्याचा बांबू, मी आधी उभा होतो तिथंच, जमिनीत रोवून ठेवला होता, तो मधातून तुटून संत्र्यायच्या ओळीत जाऊन पडला.

अन् मग जे झालं ते मले नीट सांगता येत नाही. उभी अर्धी वर उठली. माणूस डोक्यावरचा भारा उतरवते अन् पाठ सरळ करते ना, तशी, हळू, हात-दीड हात वर. अख्खं झाड शहारलं, वारा नाही काही नाही, अन् बारीक पानं अन् फुलं आमच्यावर पडत राहिली, किती वेळ पडत राहिली. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. रहमतचाचा बोलले होते, लकडी रुकी हुई है, ते मले तिथं समजलं, इतक्या वर्षांनी.

बाकी काम दोन दिवसांचं. आडवी अर्धी ओंडके करून करून बाहेर ओढली, विहिरीत एक ढपलीही पडू दिली नाही. तिसऱ्या दिवशी फ्यूज बसवले, मोटर लावली, पाणी आलं. फळं गळाची ती गळली, बाकीची राहिली. बाईले मी रागावणार होतो, बम तयारी केली होती मनात. पण तो तुटका बांबू पाहून ती बांधावर बसली ते बराच वेळ उठलीच नाही, अन् उठली तेव्हा म्हणे, जेवून घ्या दोघं. ही गोष्ट मी कामावरच्या कोणाले सांगत नाही. सांगितली तर उद्या सगळे फांद्यायवर हात ठेवाले जातीन, अन् सगळ्यायचे हात काही बाईचे नोहोय. माहा तर नाहीच.

आता मी पंचावन्न पार केले. गुडघे बोलतात. बाकी सगळं घेतलं, पण कानाची झाकणं घ्याले सहा वर्षं लावली, त्याच्यानं डावा कान गेला, उजवा अर्धा आहे. चिंच अर्धीच उभी आहे, त्या अंगानं नवी फूट आली, विहिरीवर थोडी सावली पुरते. बाई पाणी सोडते तेव्हा तिथं ओंडक्यावर बसते अन् मले फोन लावते. काही विशेष बोलत नाही. फोन पाण्याच्या दांडाजवळ नेऊन धरते अन् लांबून ओरडते, आयकू येऊन राहिलं का गा पाणी?

मले कायचं येते. नुसती खरखर. पण मी बाहेर ओट्यावर जातो, फोन उजव्या कानाले घट्ट लावतो अन् थोडा वेळ तसाच उभा राहतो. येते बाई, म्हणतो. साफ येते. चालू राहू दे.