नऊ पोरी आणि वरचा गट

नाही, पेढे वाटले ते वाटले, इथल्या शराफियाच्या बाजारातनं दोन किलो आणले, मी पण दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू... पण ते कशाबद्दल वाटले हे कोणी मला सांगेल का? प्रिन्सिपॉल मॅडम माईकवर ओरडतायत, "आपल्या मुलींची खो-खोची टीम वरच्या गटात गेली!" टाळ्या! पोरी उड्या मारतायत, माझी मेहेक सगळ्यांत उंच, आणि मी मागे बसच्या हजेरीची वही धरून उभी, तोंडात पेढा, डोक्यात घोटाळा. कारण तुम्हाला सांगते, गेल्या वर्षी सौदीतल्या आपल्या इंडियन शाळांच्या खालच्या गटात शाळा होत्या पाच, आणि आम्ही आलो होतो पाचव्या! सहावी शाळा असती तर सहाव्या आलो असतो. मग वर कशा गेलो?

विचारलं. मी काय गप्प बसणारी आहे? म्हटलं, "मॅडम, आपण कोणाला हरवलं?" तर त्या हळूच म्हणाल्या, "अख्तरीबाई, हरवलं कुणालाच नाही. बाकीच्या चार गेल्या." गेल्या म्हणजे? तर एक बंद पडली, दोन एकमेकींत मिसळल्या आणि मिसळल्यावर मुलींचे खेळच बंद करून बसल्या, आणि चौथ्या शाळेत खेळायच्या वयाच्या पोरीच उरल्या नाहीत. म्हणजे खालच्या गटात आम्ही एकट्या! एकट्या टीमचा गट कसा करायचा, म्हणून उचललं आणि वर टाकलं, त्या रियाध-दम्मामच्या तीन-तीन हजार पोरांच्या शाळांत! आता याला चढलो म्हणायचं की आपटलो, तुम्हीच सांगा.

हे सगळं त्या सौदायझेशनपायी. आज म्हणतात मोबाईलच्या दुकानात फक्त सौदी माणूस, उद्या कपड्यांच्या, परवा चष्म्याच्या... आणि बायकापोरांना इथं ठेवायची माणशी फी वेगळीच, ती दरवर्षी वाढतेय. सरकार त्यांचं, दुकानं त्यांची, पोरं त्यांची बेकार, त्यांनी काय करायचं ते करावं, मी कोण बोलणारी? पण बाप दुकानातनं निघाला की पोरगी शाळेतनं निघते, आणि शाळेतनं निघाली की खो-खोतनं निघते, एवढं मला कळतं. आमच्या खेळाच्या हेमलता मॅडम, त्यांचे मिस्टर चष्म्याच्या दुकानात, त्यांचं असंच खलास झालं. जाताना रडल्या आणि गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली. म्हणाल्या, "अख्तरीताई, पोरी तुमचं ऐकतात."

ऐकतील नाही तर काय! अठरा वर्षं मी बसची आन्टी आहे. उलटी करणारी, खिडकीतनं हात काढणारी, चप्पल विसरणारी, सगळ्या माझ्या हाताखालनं गेल्यात. पण शिकलेली मी कितवी? चौथी! दाभोळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. पण चौथीत खो-खोला केंद्रात पहिली आले होते हो, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला होता. प्रिन्सिपॉल मॅडम म्हणाल्या, "पुरे आहे. तात्पुरतं तुम्हीच बघा."

तात्पुरतं! आठ दिवसांत वर माझ्या डोक्यावर बसवली मिस अबीर.

मिस अबीर सौदी. शाळेत इतक्या-इतक्या सौदी बायका कामाला पाहिजेत असा हुकूम, तर ही पंचवीस वर्षांची पोरगी, काळा अबाया, त्याच्याखाली गुलाबी बूट, हातात लॅपटॉप, आणि हुद्दा काय? खेळांची प्रमुख! मी म्हटलं झालं, आज खेळाची मॅडम सौदी, उद्या बसची आन्टी सौदी, परवा अख्तरी दाभोळला. आमच्या दोघींची भाषा म्हणजे अर्धी हिंदी, चार शब्द अरबी, बाकी हात. पहिल्याच दिवशी बसच्या पार्किंगमध्ये आली, पोरी एका ओळीत एक इकडे तोंड, एक तिकडे तोंड अशा बसलेल्या, आणि ही चारी बाजूंना बघतेय.

"वेन कूरा? बॉल किधर?"

"बॉल नही है."

"नेट?"

"नेट भी नही."

"तो ये आठ लडकी बैठके क्या करती?"

"राह देखती है."

"किसकी?"

"खो की."

ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मग म्हणते, "जवाजात में बैठते ऐसा?" जवाजात म्हणजे ते परवान्याचं ऑफिस, तिथं इकाम्याच्या, राहायच्या परवान्याच्या, रांगेत आपण बसतो ना टोकन घेऊन, तसं! मी म्हटलं, "बिल्कुल वैसा, पर यहाँ नंबर आता है." हसली. पहिल्यांदा हसली. मग सांगायला लागली की तिच्या शाळेत मुलींना खेळाचा तासच नव्हता. कधीच नाही. बारा वर्षं शाळा, एक दिवस पळाली नाही. मी म्हटलं, मग करायचात काय? म्हणे, "खिडकीतून अंगणातली मांजरं बघायचो." आता सांगा! ज्या बाईनं आयुष्यात फक्त मांजरंच पळताना बघितली ती खेळांची प्रमुख, चौथी शिकलेली मी कोच, आणि गट वरचा! चढलो म्हणायचं की आपटलो?

पण वाचायला हुशार. नियमांचं पुस्तक अख्खं वाचून आली आणि मला म्हणाली, "आन्टी, मोठी भानगड आहे. मैदानात नऊ पोरी पाहिजेतच. आठ असल्या तर सामना नाही. एकदा सामना सोडला की गटातनं नाव कट." कट झालं की खाली जायला खालचा गटच शिल्लक नाही! म्हणजे खलास, मुलींचा खो-खोच बंद. प्रिन्सिपॉल मॅडमनी तर लगेच सांगून टाकलं, "तसं झालं तर तो तास गणिताला देऊ." मेहेकनं ऐकलं आणि घरी येऊन दप्तर फेकलं. "अम्मी, ध्याट इज द ओन्ली टाइम आय ब्रीद." मी म्हटलं मराठीत बोल. तर म्हणे, "अम्मी, अख्ख्या आठवड्यात मी तेवढीच पळते." बरोबर आहे तिचं. घर ते बस, बस ते वर्ग, वर्ग ते बस, बस ते घर... चौदा वर्षांची पोर, पळणार कुठे? लिफ्टमध्ये?

आणि आमच्याकडे पोरी किती? मोजून दहा!

मग मी घेतल्या हातात. ग्राउंड नाही, पार्किंगचं सिमेंट, खांब म्हणून एकीकडे पाण्याचा पाईप आणि एकीकडे वॉचमनची खुर्ची. मला काय वाटलं, तुम्हाला सांगते, पोरींना जागा पाठ कशा करून द्यायच्या? तर बसच्या स्टॉपवरनं! पहिली बसेल ती शराफिया, दुसरी रुवैस, तिसरी बवादी, चौथी हमरा... आणि पाठीवर थाप मारून ओरडायचं, "रुवैस!" की रुवैस उठली. "हमरा!" की हमरा सुटली. पोरींना रोजची सवय, एकदा चूक नाही! मी खूश. म्हटलं समोरच्यांना काय कळणार, रियाधच्या पोरींना हमरा कुठं माहीत?

पहिला सामना दम्मामच्या शाळेशी. त्यांचा थाट बघाल तर! पंधरा पोरी, एकसारखे बूट, पाठीवर नावं, बर्फाची पेटी, गुडघा दाबायला एक वेगळी बाई, आणि कोच टॅबलेटवर रेघा मारतेय. आमच्या पोरी शाळेच्या पीटी ड्रेसमध्ये, दोघींचे बूट भावाचे. शिट्टी झाली. मेहेक सुटली, थाप मारली, "बवादी!" शिट्टी! फाउल! पुन्हा सुटली, "शराफिया!" शिट्टी! फाउल! नऊ मिनिटांत चौदा फाउल! पंच बाई माझ्याकडे आली, "कोच, तुमच्या मुली ही गावांची नावं का घेतायत?" म्हटलं, मॅडम, स्टॉप आहेत. "खो म्हणायला सांगा!" अहो, आमच्या गावात खो म्हणायचोच की आम्ही, मला काय माहीत नाही? पण अठरा वर्षं स्टॉपच ओरडतेय मी, तेच तोंडातनं त्यांच्यात उतरलं, करू काय?

त्यांच्या पोरी तर पोरी नव्हेतच, वटवाघळं! खांबाला एका हातानं धरून आडव्या होतात, अख्ख्या आडव्या, आणि बाद करतात. आमच्या पोरी खांबाला वळसा घालताना समोरचीला सॉरी म्हणतात. तेवीस विरुद्ध एक हरलो. तो एक कसा मिळाला? त्यांची एक पोरगी केसाची पिन उचलायला वाकली होती! आणि बाहेर आल्यावर प्रिन्सिपॉल मॅडम पालकांना फोनवर सांगतायत, "हो हो, आम्ही ए ग्रुपमध्ये खेळतो आता." आता याला... जाऊ दे, मी तुम्हाला तरी किती वेळा विचारू!

दुसरा हरलो, तिसरा हरलो. पण हजर होतो ना? नऊच्या नऊ! मग पिंकीचे पप्पा गेले, पिंकी गेली. दहाच्या नऊ झाल्या. आता उरला शेवटचा सामना, रियाधशी, इथंच, शनिवारी सकाळी दहाला. तेवढा खेळलो की वर्ष पुरं, नाव शाबूत. शुक्रवारी दुपारी मी बिर्याणीचा कांदा तळतेय आणि फोन. शबनमची आई, इस्मतभाभी. "अख्तरी, कपडे वाळत घालायची दोरी पाहिजे का तुला? आम्ही उद्या निघतोय." उद्या? "पुढच्या महिन्यात होतं ना?" "कफीलनं, ह्यांच्या मालकानं, कागद आधीच केले. रात्री आठचं विमान." कांदा जळला. दोरी गेली खड्ड्यात, शबनम म्हणजे आमची नववी!

मिस अबीरला फोन केला. म्हटलं संपलं. ती म्हणाली, "विमान रात्री आठला ना? सामना सकाळी दहाला. मग भानगड काय?" मी म्हटलं बाई, तुला घर आवरणं माहीत नाही. ती म्हणाली, "चला, आवरू." सकाळी सहाला शाळेची बस घेऊन आम्ही दोघी इस्मतभाभीच्या दारात! जिन्यात नऊ सुटकेसा, वर गुंडाळलेला गालिचा, भाभी घामानं डबडबलेली.

"अगो, ही पोर काय तुमच्या शाळेची ठेवलेली कोंबडी आहे का, सकाळी सोडायची आणि संध्याकाळी झाकायची? मी एकटी बांधतेय सगळं!"

"भाभी, दोन तास. मी स्वतः विमानतळावर पोचवते."

"आणि कागदाची पर्स हरवली तर? मी पर्स सोडून कुठं जात नाही."

"मग पर्स घेऊन चला!"

तोवर मिस अबीरनं अबायाच्या बाह्या सारल्या आणि सुटकेसवर बसली, अक्षरशः बसली, आणि चेन ओढून लावली. भाभीनं पर्स काखेत मारली. सौदी बाई आपली सुटकेस बांधतेय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार! माझ्याकडे बघून पुटपुटली, "ही काढायला आलीय आपल्याला की ठेवायला?" मी म्हटलं मला विचारू नका, मला या वर्षी काहीच कळत नाहीये.

तर सामना झाला. शबनम प्रवासाच्या कपड्यांत, हातावर नातेवाइकांना भेटायला जायची ताजी मेंदी, बूट सुटकेसमध्ये गेलेले म्हणून अनवाणी. हरलो. सतरा-सहा. पण सहा, बरं का! या वेळी खो म्हणून मिळवलेले! आणि शेवटच्या डावात शबनम एकटी उरली आणि सव्वातीन मिनिटं सापडली नाही! रियाधच्या आडव्या होणाऱ्या पोरी दमल्या, पण ही हुलकावणी देते आणि निसटते, देते आणि निसटते, आणि बाकावर इस्मतभाभी पर्स छातीशी धरून उभी राहून किंचाळतेय, "पळ गो! पळ! पाय मोडला तर मोडू दे, बसायचंच आहे विमानात!" मिस अबीर तर रडत होती. मी म्हटलं रडतेस काय, हरलो आपण. तर म्हणे, "आन्टी, एक मुलगी सव्वातीन मिनिटं पळाली."

नाव शाबूत राहिलं. पुढच्या वर्षी पण वरचा गट, पक्का, आणि शबनमच्या जागी खालच्या वर्गातली एक पोरगी यायची होती, म्हणजे पुन्हा नऊ. मी मान वर करून घरी आले, तर मेहेकचे अब्बा सोफ्यावर, मोजे न काढता बसलेले. पंचवीस वर्षं गाड्यांच्या शोरूममध्ये काढली त्यांनी. म्हणाले, "झालं. आमच्या काउंटरला पण आता सौदी मुलगा. जूनमध्ये निघायचं." कपाळावर हात मारून घ्यायला पण वेळ नव्हता, मेहेक दारात उभी. मला वाटलं मैत्रिणींसाठी रडेल, घरासाठी रडेल. ती बोटं मोजत होती. "अम्मी, मग आठच राहतील."

काल गेले मी ऑफिसात, तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी. त्याशिवाय दाभोळला कुठली शाळा घेणार तिला? आता ती सही मिस अबीरकडे, असल्या कागदावर सौदी बाईचीच सही पाहिजे म्हणे. कागद तिनं वाचला, उलटा करून वाचला, पेन बंद केलं, कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

"सही नही."

"अरे, पण सही का नही?"

"आठ से नही खेलते. पुस्तक में लिखा है."

मी म्हटलं, बाई, तुझ्याच सरकारनं सांगितलंय जा म्हणून! तर म्हणे सरकारशी ती बोलून घेईल, माझ्या नवऱ्यासाठी काम पण बघेल, तिच्या मामाचं गोदाम आहे म्हणे, तोवर पोरींचा सराव चुकवायचा नाही. तासभर भांडले मी. हिंदीत भांडले, अरबीत भांडले, शेवटी दाभोळीत भांडले. ती ऐकतेय, मान हलवतेय, आणि किल्ली मुठीत.

आता काय करायचं, सांगा? अख्खा देश म्हणतो निघा, आणि ही एक पोरगी म्हणते थांबा. अब्बा घरी सुटकेस काढून बसलेत, फोनवर फोन. मी म्हटलं, जरा थांबा हो... उद्या दुपारी पोरींचा सराव आहे, तेवढा आटपून येते.