नावं ठेवणारा बाप

सोमवारी लेक या शहरात नोकरीला लागणार, म्हणून बाप शनिवारपासून तिला गाडीत घेऊन तिच्या खोलीजवळच्या खानावळी चाखत फिरत होता. आताच्या खानावळीत शेजारच्या टेबलावरच्या एक शिंपीणबाई हातातला घास विसरून दोघांचं ऐकत होत्या.

“भात गिच्च झालाय.”

“बाबा, चांगला मोकळा आहे!”

“सूप पाणचट.”

“मग वाटी चाटूनपुसून साफ कशी झाली?”

“अन्न टाकू नये.”

“ही चौथी खानावळ. सगळ्यांना नावं ठेवलीत. आता मी जेवायचं कुठं?”

“घरी.”

“घर चार तासांवर आहे!”

“म्हणूनच म्हणतो.”

“अहो बाबा, दर रविवारी येणारच आहे मी. आईला कालच सांगितलंय.”

बापाने वाढप्याला हाक मारली.

“दादा, सूप फक्कड झालंय हो! आणखी एक वाटी आणा.”